खुशालीची रिंग

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकांसाठी व्याख्यान होतं. विषय, मोबाईलचा संतुलित वापर. व्याख्याते बाहेरून आलेले, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. बोलता बोलता ते टेबलावर पालथा ठेवलेला स्वतःचा फोन मधूनच हळूच उलटून बघायचे. "मोबाईल औषधासारखा वापरा," ते म्हणाले, "मोजून. गरजेपुरता. प्रमाणात." पालकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी ते वाक्य मोबाईलवरच टिपून घेतलं.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा माझा हात वर गेला होता, पण मी तो खाली घेतला. मला विचारायचं होतं की साहेब, आमच्या घरात मोबाईल इतका प्रमाणात वापरला गेला की त्याहून कमी वापरणं शक्यच नव्हतं. रोज संध्याकाळी एक रिंग, तीही अर्धी. कुणी बोलायचं नाही, कुणी ऐकायचं नाही. डोळे बिघडले नाहीत, झोप उडाली नाही, मान दुखली नाही. तुमच्या मापानं आमचं घर आदर्शच म्हणायला हवं. मग माझी थोरली बहीण का गेली?

असं काही विचारलं असतं तर सभेचा विरस झाला असता. बुलढाण्यातल्या चार सभ्य पालकांसमोर घरातलं मरण काढून बसायचं नसतं, एवढं मला कळतं. मी घरी आले आणि उगाच भांडी आपटत राहिले. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव घाटाखाली, वरवट बकालच्या पुढं. ताईला दिली होती घाटावर, जानेफळच्या आतल्या एका खेड्यात. जिल्हा एकच, पण शेगावला गाडी बदला, खामगावला बदला, मग घाट चढा, जानेफळला उतरा आणि तिथून काळीपिवळीत कोंबून घ्या, असा तो प्रवास. सकाळी निघालेला माणूस दुपार कलल्यावर तिच्या दारात पोचायचा. लग्न ठरताना मायनं कुरकुर केली होती. बाबा म्हणाले, "घाट काय समुद्र हाये का? मन झालं का गेलं पाह्यले." आणि पहिली काही वर्षं खरंच मन झालं की कुणीतरी जायचं. कधी बाबा, कधी दादा. पिशवीत नवे उडीद, तुरीची डाळ, मायनं केलेले लाडू. शाळेला सुट्टी असली तर मी.

अशाच एका खेपेला मी बाबांबरोबर गेले होते. तिच्या सासरच्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा झाला, पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या. बाबांनी ताईला काही म्हणजे काहीच विचारलं नाही. पोरीच्या सासरी तिला सगळ्यांदेखत काही विचारायचं नसतं. ते फक्त बसले. जेवताना तिच्या हातांकडे बघितलं, चालताना तिच्या पावलांकडे बघितलं, जाताना तिच्या सासऱ्याला म्हणाले, "येतो मंग. पुढच्या महिन्यात हायेच इकडं काम." इकडं त्यांचं कसलंही काम नव्हतं, हे त्या सासऱ्यालाही माहीत होतं. आम्ही निघालो तेव्हा ताई वेशीपर्यंत आली आणि मला कानात म्हणाली, "बाबा येऊन गेले का चार रोज घर गोड राह्यते." मी लहान होते, मला वाटलं लाडवांमुळे.

आता कळतं. सुनेच्या दारात माहेरचा माणूस येऊन नुसता बसून गेला तरी तिचं वजन वाढतं. तिला कुणीतरी बघायला येतं, म्हणजे तिचं कुणीतरी मोजमाप ठेवतंय. तो नुसता बसलेला बाप सासरच्यांना जे सांगत असतो ते शंभर वेळा बोलूनही सांगता येत नाही.

मग आमच्याकडे दोन गोष्टी जवळजवळ एकदमच आल्या. आधी बीटी कपाशी आणि तिच्या पाठोपाठ मोबाईल.

बीटीचं बाबांना भारी कौतुक होतं. बोंडअळीची कटकट गेली, फवाऱ्याचा पंप आता माळ्यावर टाका, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. एक-दोन हंगाम झालंही तसंच. पण जुनी कपाशी कशी सावकाश फुटायची. एक वेचा झाला की मध्ये दम खायला वेळ असायचा, त्या वेळात लग्नं व्हायची, पाहुणे यायचे, लेकी माहेरी यायच्या. पूर्वी पहिल्या वेच्याला वावरात सीतादही व्हायची, दहीभाताचा निवद दाखवून बाया गाणी म्हणत पराटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, शिरायच्या. बीटीला एवढं थांबायला कुठं सवड? तिची बोंडं दिवाळीच्या तोंडावर भसाभस फुटायची, सगळं वावर एकदम पांढरं. वेचणाऱ्या बायांसाठी गावभर ओढाताण. घरातलं एक माणूस हललं तरी तेवढा कापूस झाडावर लोंबत राहायचा, वाऱ्यानं खाली पडायचा. आणि पंप माळ्यावरून कधी खाली आला ते बाबांनी कुणाला सांगितलंच नाही. अळी नव्हती तर तुडतुडे आले, मावा आला, पानं लाल पडायला लागली. अळीसाठी मारायचो त्याहून जास्त औषध आम्ही आता बाकीच्यांसाठी मारत होतो.

मोबाईल दादानं आणला, कुणाचा तरी वापरलेला, बटणांचा. आमच्या घरात रेंज फक्त एकाच जागी यायची, देवाच्या फळीवर. म्हणून तो देवांच्याच शेजारी राहायला गेला. सांजवेळी मायनं दिवा लावला की त्याच्या उजेडात तो चमकायचा. बाबा थट्टेनं म्हणायचे, "पाह्यजो बरं, याच्यासमोर पाया पडू नोको." पुढं माय खरंच त्याला हात जोडायला लागली. तो भाग पुढं येईलच.

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली होती. तिच्या नवऱ्याकडेही असाच एक मोबाईल आला होता. सगळे पुरणपोळी खाऊन ओट्यावर बसलेले असताना दादानं युक्ती काढली. बोलायला पैसे पडतात, रिंगला पडत नाहीत. "ताई, तू रोज दिवे लागनीले एक रिंग मारत जा. आमी उचलनार नाही. रिंग आली म्हंजे तू खुशाल, आमी समजून जाऊ." ताई हसली. मायला हे फारच आवडलं. रोज पोरीची खुशाली, तीही घरबसल्या! दादा पुढं म्हणाला, "अन् समज, काही झालं—" तेवढ्यात मायनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "सनाच्या दिवशी वाईट काढू नोको तोंडातून." ते वाक्य अर्धंच राहिलं. दुसऱ्या दिवशी जावई ताईला घ्यायला आले आणि ती गेली.

आमच्याकडे हे असंच असतं. दुकान बंद करताना 'वाढवलं' म्हणायचं, दिवा विझवताना 'शांत केला' म्हणायचं, आणि वाईटाची तजवीज करायची नाही, कारण तजवीज केली की ते येतं. एरवी ह्या रीतीनं कुणाचं काही बिघडत नाही. फोनच्या रिंगला मात्र ती लागू करायला नको होती.

रिंग सुरू झाली. काय तिचं कौतुक! संध्याकाळी माय दिवा लावून फळीपाशीच घुटमळायची. फोन वाजला की आम्ही सगळे हातातलं काम थांबवायचो. एकदा वाजला, अर्धा वाजला, बंद. माय म्हणायची, "आली वं बाई," आणि हात जोडायची, देवाला की फोनला ते तिलाही सांगता आलं नसतं. मग घरात जेवणाची गडबड सुरू व्हायची. बाबा पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "आमची पोरगी घाटावर हाये, पन रोज खुशाली कळते." पाहुणे म्हणायचे, काय जमाना आला.

त्या दिवाळीला ताईला आणायला कुणी गेलं नाही. कापूस फुटला होता. दादा म्हणाला, "रिंग येऊन राह्यली ना रोज. वेचा झाला का जातो." वेचा झाला तेव्हा दुसरा वेचा आला. मग तूर आली, मग हरभरा. दर वेळी बाबा निघतो म्हणायचे आणि दर वेळी संध्याकाळी रिंग यायची आणि त्यांचं जाणं पुढं ढकललं जायचं. पूर्वी बरेच दिवस खबर आली नाही की त्यांना चैन पडायची नाही, ते उठून चालायला लागायचे. आता बेचैन व्हायला रिंग वावच देत नव्हती. पुढच्या आखाजीला तिकडून निरोप आला की पेरणीच्या आधीची कामं आहेत, सून पाठवता येत नाही. बाबांनी ते ऐकून घेतलं. आधीचे बाबा असते तर स्वतः जाऊन सतरंजीवर बसले असते.

मधे कधी सणावाराला दादा बॅलन्स टाकून खरा फोन लावायचा. आधी भाऊजी बोलायचे, मग तिची सासू, मग ताईच्या हातात फोन जायचा. पलीकडे सगळं घर उभं. "बरी हाये ना?" "हाव, बरी हाये." "जेवली?" "हाव." मायच्या डोळ्यात पाणी, दादाचं लक्ष बॅलन्सकडे. झालं बोलणं. त्यापेक्षा रिंग बरी होती, निदान तिच्यात ताईचा दबलेला आवाज नव्हता. मी एकदा म्हटलं होतं की ताईचा आवाज बसलाय. दादा म्हणाला, "फोनच तसा हाये वं. जुना माल." आमच्या फोनच्या अंगावर सगळं ढकलता यायचं.

दुसरी दिवाळीही अशीच गेली असती. वाचवलं, म्हणजे वाचवलं असं मला वाटलं तेव्हा, त्या फोननंच. तो बिघडला.

दादा पराटीला औषध मारत होता, फोन खिशात. पंप भरायला ड्रमवर वाकला आणि फोन थेट औषधात. त्यानं हात घालून काढला, पुसला, घरी आणून कापसाच्या ढिगात खुपसून ठेवला, ओल शोषून घेईल म्हणून. मग उन्हात ठेवला. तो काही जागा झाला नाही. वरवटला दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला, ठेवून जा, भाग मागवावा लागेल.

त्या संध्याकाळी मायनं दिवा लावला आणि सवयीनं फळीपाशी उभी राहिली. दुसऱ्या संध्याकाळीही. शेजाऱ्याच्या फोनवरून दादानं भाऊजींना लावून पाहिला. वाजून वाजून बंद झाला. अनोळखी नंबर म्हणून उचलला नसेल, असं दादा म्हणाला. पुढच्या संध्याकाळी माय जेवली नाही.

"दुरुस्त होऊन आला का कळनच," बाबा म्हणाले.

"मले यंत्र दुरुस्त व्हायची वाट नाही पाह्याची," माय म्हणाली. "माही पोरगी पाह्याची हाये."

"भरल्या वावरातून तू गेली तं कापूस कोन वेचन?"

"बोंडं कुठी पळून जाऊन राह्यली का?"

एवढं भांडण मी त्या दोघांचं कधी ऐकलं नव्हतं. बाबा म्हणाले, दिवाळीनंतर जाऊ. दादा म्हणाला, एवढी रोज रिंग येत होती, दोन-चार दिवसांत काय होणार आहे? मायनं त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बाहेर गेला. सकाळी तिनं फडक्यात भाकरी बांधली, मला म्हणाली, "चाल." माझी दिवाळीची सुट्टी लागली होती. त्या बाईनं जन्मात एकटीनं एसटीचा प्रवास केला नव्हता. कुठली गाडी कुठं जाते ते मी पाट्या वाचून सांगायची आणि ती पुढं व्हायची. खामगाव सुटलं, घाट लागला तशी ती खिडकीचा दांडा धरून बसली, आणि गाडी वर चढेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, सगळे वावरात आहेत, फवारणी चालू आहे. वेचणी सुरू असतानाही मागच्या फुलोऱ्यासाठी औषध मारणं तिकडंही चुकलं नव्हतं. आम्ही बांधाबांधानं गेलो. एका बाभळीखाली निळा ड्रम ठेवलेला होता आणि ड्रमाशी एक बाई टेकून बसली होती. बसल्या बसल्याच ड्रमात हात घालून औषध ढवळत होती. कोपरापर्यंत हात आत. डोक्यावरून पदर, तोंड खाली.

माय तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "ओ बाई, या लोकायची धाकटी सून कोन्या वावरात हाये?"

बाईनं मान वर केली. "माय," ती म्हणाली, "मीच."

हे मी पुन्हा लिहिणार नाही. माझ्या आईनं तिच्या पोटच्या पोरीला, तूच का म्हणून नव्हे, तर ती कुठं आहे म्हणून विचारलं. ताईचे डोळे पिवळे झाले होते. हाताची कातडी सोलल्यासारखी. गालफडं बसलेली. ती उठायला गेली आणि ड्रमाला धरून पुन्हा बसली. मायनं तिचे हात धुतले, तिथल्याच कळशीतलं पाणी घेऊन, पुन्हा पुन्हा, आणि एकदाही रडली नाही. मीच रडत उभी होते.

तिच्या सासरचे वाईट होते असं मी म्हणाले असते तर माझं काम सोपं झालं असतं. ते तसे नव्हते. भाऊजींच्या पाठीवर पंप होता, त्यांचेही डोळे लाल होते. दीर पंप मारत होता, सासू वेचत होती. औषध कालवायचं काम बायांचं, म्हणून ते ताईकडे आलं. मोठ्या जावेचा भाऊ महिन्या-दीड महिन्यानं येऊन बसायचा, म्हणून ते तिच्याकडे गेलं नाही. दोन हंगाम ताई ड्रमाशीच होती. दुखतंय म्हटलं तर घाटाखालची पोरगी नाजूक, असं म्हणून सोडून द्यायचे. गावातल्या डॉक्टरकडून दोनदा सुई आणली होती. मधे तिला दिवस गेले होते आणि ते राहिले नाहीत. तेही आम्हाला त्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडून कळलं.

संध्याकाळी ओसरीवर माय तिच्या विहिणीला म्हणाली, "पोरगी अशी झाली अन् तुमी आमाले एक निरोप नाही धाडला?"

विहीण आधी चमकली. मग तिला खरंच राग आला. "निरोप? रोज दिवे लागनीले तुमच्या घरी फोन जात होता तिचा. माह्या पोराचा फोन घेऊन ते अंगनात जाये. आमाले वाटे, सारं सांगत असन. दुखते-खुपते, सारं. तरी तुमचं कोनी आलं नाही. दिवाळीले नाही, आखाजीले नाही. आमी म्हनलं, माहेरच्यायले माहीत हाये अन् पर्वा नाही. मंग आमी काय करावं?"

आम्ही तिकडं समजत होतो की पोरगी सुखात आहे. ते इकडं समजत होते की पोरीला मागंपुढं कुणी नाही. दोघांनाही तीच रिंग ऐकू येत होती. अर्धी वाजलेली ती रिंग त्या घरात काय सांगत असेल ह्याचा आम्ही कुणीच कधी विचार केला नाही. आम्ही फक्त आमच्या बाजूनं ऐकत होतो.

तिला आम्ही दुसऱ्या दिवशी घेऊन निघालो. कुणी अडवलं नाही. जीपमध्ये ती मायच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. जानेफळच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मायनं तिला विचारलं, "काऊन नाही सांगतलं मले? रोज रिंग तं देत होती."

"देत होती ना," ताई म्हणाली. "नसती देली तं बाबा वेचा सोडून धावत आले असते."

"पन ते रिंग तं बऱ्याची होती वं."

ताईनं डोळे मिटले. "मंग दुसरी कोनती होती, माय?"

माय तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. गाडी आली.

नंतरचं सगळं दवाखान्यात गेलं. आधी खामगाव, मग अकोला. कावीळ म्हणाले, रक्त राहिलं नाही म्हणाले, उशीर झाला म्हणाले. औषधाच्या ड्रमानं झालं की कशानं झालं हे कुणी ठामपणे सांगितलं नाही आणि आम्ही विचारायच्या लायकीचे राहिलो नव्हतो. बाबा रोज तिच्या खाटेशी येऊन बसायचे. काही न बोलता नुसते बसायचे, पूर्वी तिच्या सासरी बसायचे तसेच. तिच्या हातांकडे बघायचे. पण आता त्या बसण्याचा उपयोग कुणालाच नव्हता. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमच्या पुस्तकात असन, मानूस कोनापाशी काय पाह्यते?" काय विचारायचं होतं त्यांना, देव जाणे. मी पाणी आणायला उठून गेले.

दुरुस्त होऊन आलेला फोन पुन्हा फळीवर ठेवला होता. अकोल्याहून परत आणल्यावर ताई आता घरीच होती, त्यामुळे संध्याकाळी त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मायनं दिवा दुसऱ्या कोनाड्यात लावायला सुरुवात केली होती.

मी काही मोबाईलच्या विरोधात नाही. माझ्याकडे चांगला फोन आहे, दिवसभर वाजत असतो. मुलीशी त्यावरून भांडणं होतात, तशी सगळ्यांच्याच घरी होतात. पण कुणी वापराचं प्रमाण सांगायला लागलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. किती वेळ बघितला हे सगळे विचारतात. ज्या माणसाकडे उठून जायला हवं होतं त्याच्याकडे जाणं फोननं किती वेळा वाचवलं, हे कुणी विचारत नाही. ते कुठल्याही फोनमध्ये मोजलं जात नाही. आणि वाचवलेल्या वेळाचं आम्ही काय केलं? कापूस वेचला. त्या वर्षी तो लालसर निघाला, व्यापाऱ्यानं नाक मुरडून घेतला.

ताई शिमग्याच्या आधी गेली, पहाटे. दिवस उजाडल्यावर दादानं फळीवरून फोन काढला आणि ओट्यावर जाऊन एकेकाला लावायला बसला. घाटावर लावला. मामाकडे लावला. आत्याकडे, मावशीकडे, सगळ्या सोयऱ्यांकडे. एवढा वेळ बोलायला त्यानं बॅलन्स कुठून आणला मला माहीत नाही. वेचणी होती, पेरणी होती, मळणी होती म्हणून ज्यांना दोन वर्षं घाट चढायला सवड मिळाली नव्हती, ते सगळे दुपारपर्यंत आमच्या दारात होते. जीपा करून आले. भाऊजीही आले, सासूही आली. मांडवाशिवाय एवढी माणसं आमच्या अंगणात कधी जमली नव्हती. कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, मोबाईल होता म्हणून बरं झालं, सगळ्यांना वेळेवर कळलं. ते खरंच होतं. त्या दिवशी दादानं ज्याला ज्याला फोन लावला, त्यानं तो पहिल्याच रिंगला उचलला होता.